दंत्य

काचेपलीकडचा फोटोवाला तिच्याबद्दल काय म्हणाला, ते तिला ऐकू आलं नाही, दिसलं. केंद्राचं ऑफिस आणि व्हरांडा यांच्यामधली काच चांगली जाड होती, पलीकडचा आवाज म्हणून इकडे यायचा नाही, त्यामुळे तो आपल्या जोडीदाराकडे वळून अगदी निर्धास्तपणे बोलत होता. “तोंड झकास आहे बाईंचं. एकेक अक्षर कोरून काढल्यासारखं. पण दात बघितलेस? पिवळेधमक! कृष्णधवलच काढू या, म्हणजे भागेल.” जोडीदारानं मान डोलावली आणि दोघं सामान आवरायला लागले. तिच्या मनात पहिल्यांदा आली ती, खरं सांगायचं तर, स्वतःला शाबासकी. ‘पिवळेधमक’ हा शब्द ओठांवरून ओळखायचा म्हणजे गंमत नाही. ‘प’ आणि ‘म’ ओठांवर हुबेहूब सारखे दिसतात, ‘ळ’ तोंडात आतल्या आत वळून जातो, ‘क’ तर घशातच राहतो. आणि तिनं तो एवढ्या लांबून, तिरक्या चेहऱ्यावरून, पहिल्या झटक्यात पकडला होता. वर्गातल्या कोणी पकडला असता तर तिनं टाळ्या वाजवल्या असत्या. मग शब्दामागून अर्थ आला, जिना चढून दमलेल्या पाहुण्यासारखा, सावकाश, आणि आल्या आल्या तिच्या तोंडावर येऊन बसला. तिनं ओठ मिटले.

मोठेपणी कान गेलेल्या माणसांना ती या केंद्रात ओठांवरून बोलणं ओळखायला शिकवत असे. वर्ग म्हणजे एक लांबट खोली, अर्धगोलात मांडलेल्या खुर्च्या आणि उजेड नेमका तिच्या चेहऱ्यावर पडेल अशा बेतानं लावलेला दिवा. त्या दिव्याखाली उभी राहून ती बोलायची आणि दहा-बारा माणसं डोळ्यांची पापणी न हलवता तिच्या तोंडाकडे बघत बसायची. आता केंद्र एक मोठा तक्ता छापणार होतं. कुठल्या अक्षराला तोंड कसं होतं त्याचे फोटो, सगळ्या वर्गांच्या भिंतींवर लावायला. आणि तोंड तिचं. आज नुसती पाहणी होती, खरे फोटो पुढच्या महिन्यात. घरी जाताना बसमध्ये खिडकीशी बसून तिला वाटलं, इतकी वर्षं इतके डोळे आपल्या दातांवर होते आणि एकानंही चकार शब्द काढला नाही, माणसं किती चांगली असतात. आणि पाठोपाठ वाटलं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. तिनं काचेत बघून ओठ जरासे उघडले. काचेत तिच्या दातांच्या जागी रस्त्यावरचे दिवे पळत होते.

तिला आत्या आठवली. आत्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, आणि तिचे वरचे दात चांगले खिडकीतून डोकावल्यासारखे पुढे होते. घरी पाहुणे आले की मोठी माणसं तिला हळूच आतल्या खोलीत बसवायची. पण दार पुरतं लागत नसे. आत्या दाराच्या फटीशी आणि ही पाहुण्यांच्या खुर्चीमागे, आणि दोघींचं आवाजाशिवाय बोलणं सुरू व्हायचं. ‘नाक बघ.’ ‘बटाटा.’ ‘उठत नाही आता जेवल्याशिवाय.’ मग आत्याला हसू फुटायचं. आपलं हसू केवढं मोठं आहे हे तिला कुठे माहीत! ते अख्ख्या घरात घुमायचं, पाहुणे दचकायचे, वडील दातओठ खायचे, आणि ही खुर्चीमागे तोंड दाबून लोळण घ्यायची. आत्याचं बोलणं हिच्याइतकं कुणाला कळत नसे. सगळे म्हणायचे, पोरगी हुशार. पण पोरीला कारण ठाऊक होतं: आत्याचे दात कधी झाकलेच जायचे नाहीत, त्यामुळे जीभ कुठे टेकते, कुठून सुटते, सगळं लख्ख दिसायचं. पुढे शिकताना पुस्तकात ‘दंत्य’ हा शब्द आला, त थ द ध न, तेव्हा तिला हसूच आलं होतं. तिच्या लेखी ती सगळी आत्याची अक्षरं होती.

घरात शिरल्या शिरल्या ती बाथरूममध्ये गेली, दिवा लावला आणि आरशाला नाक टेकवून बत्तिशी दाखवली. फोटोवाला खोटारडा नव्हता. दिवसभर बोलून घसा बसू नये म्हणून ती थर्मास भरून कोरा चहा नेत असे, आणि तो सगळा चहा इथे येऊन राहिला होता. खालचे पुढचे चार दात तर न विसळलेल्या कपाच्या कडेसारखे दिसत होते. बाहेरून सासूबाईंनी दार वाजवलं. “झोपलीस का गं आत?” “दात बघतेय, आई.” “पडला की काय एखादा?” “पडला नाही. पिवळे झालेत.” मग सासूबाई म्हणाल्या, “जागच्या जागी आहेत ना? मग कशाला रडतेस? माझे बघ, मोत्यासारखे. कपाटावर ग्लासात ठेवलेत. तुला फोटोला हवे तर घेऊन जा एक दिवस, मी तेवढा वेळ पेज पिऊन काढीन.” आणि त्या आपल्या विनोदावर इतक्या खूश झाल्या की दाराला टेकून बोळक्या तोंडानं हसत सुटल्या. आतून हिलाही हसू आलं, आणि आरशात तिनं बघितलं, की हसता हसता आपला हात आपोआप तोंडावर गेलाय. तो हात तिनं आधी कधी बघितला नव्हता.

नवरा रंगाच्या दुकानात कामाला होता. दातांच्या डॉक्टरकडे यंत्रानं दात पांढरे करून देतात, पण त्याला काय पडतं हे तिनं फोनवर विचारून घेतलं आणि त्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “तेवढ्यात अख्ख्या घराला दोन हात निघतील, गच्चीसकट.” तो दुकानातून रंगांच्या छटांचं पट्टीपुस्तक घेऊन आला, तिला खिडकीशी उभं केलं, “आ कर,” म्हणाला आणि डोळे बारीक करून एकेक पट्टी तिच्या दाताला लावून बघायला लागला. “हस्तिदंती... नाही. थांब, हलू नकोस. ‘उन्हाळी लोणी’! बरोब्बर.” “लोणी म्हणजे अगदीच वाईट नाही,” ती पट्टी दाताला तशीच ठेवून म्हणाली. “नाहीच. गिऱ्हाईक मागून घेतात. आपण आता ‘उन्हाळी लोणी’वरून निघायचं आणि ‘पहाटेचं दूध’पर्यंत जायचं. त्यापुढचा ‘हिमशुभ्र’ नको, तो भिंतीलासुद्धा बरा दिसत नाही.” त्याला कसलीही मोहीम आवडत असे. लग्न झाल्यापासून त्यानं कितीतरी मोहिमा काढल्या होत्या, झुरळांच्या, गळक्या नळाच्या, सासूबाईंच्या गुडघ्याच्या. पण बायकोच्या तोंडात शिरायची संधी त्याला पहिल्यांदाच मिळत होती. ती म्हणाली, “अहो, पण घरच्या घरी, आणि खर्च नको.” “खर्च कसला? स्वयंपाकघर आहे ना.”

मग ते दिवस सुरू झाले. केळ्याच्या सालीची आतली बाजू दातांवर घासायची असं त्यानं कुठेतरी वाचलं होतं. ती साल घासत उभी राहायची आणि तो शेजारी उभा राहून केळं खायचा, सालीचा उपयोग झाला पाहिजे तर केळंही वाया जाता कामा नये म्हणून. कुटलेल्या कोळशानं घासलं त्या सकाळी बेसिन, टॉवेल, आरसा आणि तिची हनुवटी अशी काळीकुट्ट झाली की सासूबाई तिला बघून दोन पावलं मागे सरकल्या. स्ट्रॉबेऱ्या चुरून लावल्या. त्या त्याला जास्त आवडल्या. खोबरेल तेलाची चूळ बराच वेळ तोंडात घोळवायची, तेव्हा तिला बोलता येत नसे, आणि ती संधी साधून तो तिच्यासमोर स्टूल घेऊन बसायचा आणि मनात साचलेलं सगळं बोलून घ्यायचा: दुकानाचा मालक, पुढच्या वर्षी बदलायचे पडदे, मागे एकदा तिनं त्याच्या भावाला जे सुनावलं ते. ती गाल फुगवून डोळ्यांनी भांडायची. एकदा त्यानं इतका गंभीर चेहरा करून “तू माझ्याशी लग्न का केलंस, आता तरी सांग” असं विचारलं की तेलाचा फवारा उडाला तो थेट त्याच्या शर्टावर. लिंबाच्या रसात मीठ घालून लावलं तो मात्र वाईट दिवस गेला. दात असे आंबले की गार पाणी लागलं तरी ती जागच्या जागी नाचायची. औषधाच्या दुकानातल्या मुलीनं ते ऐकून कपाळाला हात लावला. “मावशी, लिंबू आजपासून बंद. कोळसाही बंद. वरचं आवरण झिजलं की आतला पिवळा थर आणखी दिसतो. मऊ ब्रश घ्या, आठवड्यातून एखाद्या वेळी चिमूटभर खाण्याचा सोडा लावा, हलक्या हातानं. आणि चहा प्यायलात की लगेच पाण्यानं चूळ भरा. डाग जातील. मूळ रंग जाणार नाही, तो तुमचा आहे.” हे शेवटचं वाक्य तिला आवडलं, पण घरी येईपर्यंत ती ते विसरली.

घरात एवढी मजा चालली असताना वर्गात काहीतरी बिनसत होतं आणि ते तिच्या ध्यानात येत नव्हतं. दिव्याखाली उभं राहिलं की तिला फोटोवाल्याचे ओठ दिसायचे. मग बोलताना वरचा ओठ आपोआप खाली यायचा, पडदा ओढल्यासारखा. दात न दाखवता बोलायची तिला सवय लागत गेली. शब्द तोंडातल्या तोंडात तयार व्हायचे आणि अरुंद फटीतून बाहेर पडायचे. कधी फळ्याकडे वळूनच बोलायची. वर्गातली माणसं पुढे वाकायची, मग खुर्च्या पुढे घ्यायची, मग एकमेकांकडे बघायची. तिला वाटायचं, उकाडा आहे, दमलीत. आणि सलूनवाले दिवसेंदिवस गप्प होत गेले. हे सलूनवाले तिचे सगळ्यांत जिद्दी विद्यार्थी. तापात कान गेले, आणि त्यांच्या धंद्यात हात निम्मं काम करतो, उरलेलं निम्मं गप्पा करतात. गिऱ्हाईक खुर्चीत बसून काय म्हणतंय ते कळेना, तेव्हा त्यांची बायको खुर्चीशेजारी स्टूल टाकून बसायला लागली. गिऱ्हाईक बोललं की ती नवऱ्याच्या दंडाला हात लावायची आणि खुणांनी, बोटांनी, कधी कागदावर लिहून सांगायची. ते वर्गात यायचे ते त्या स्टुलापायी. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, “बाई, तिला त्या स्टुलावरून उठवायचंय मला.” सुरुवातीला भराभर पुढे गेले. ‘बाबा’, ‘पापा’, ‘मामा’ हे तिन्ही ओठांवर एकच दिसतात हे कळल्यावर ते पोट धरून हसले होते: “म्हणजे पोरगं कुणाला हाक मारतंय ते त्याच्या आईलाच विचारायचं!” तेच आता तिच्या तोंडाकडे बघून नुसती मान हलवायचे. मग ते यायचे थांबले.

त्यांची बायको भेटायला आली. वर्ग सुटला होता, ती खुर्च्या एकात एक घालत होती. बायको दारातच उभी राहिली. “बाई, तुम्हाला सांगून जावं म्हटलं. ते आता येणार नाहीत.” “का? किती छान चाललं होतं त्यांचं.” “चाललं होतं. पण ते म्हणतात, आता बाईंच्या तोंडावर मला काही दिसतच नाही. आधी दिसायचं, आता दिसत नाही. म्हणतात, कान गेले तसे डोळेही चालले. चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर तपासला, नंबर तोच आहे. ते दुकानवाल्यावरच चिडले.” ती हसायचा प्रयत्न करत होती. “मी दाताच्या कण्या केल्या, जा म्हणून. पण रात्री दिवा चालू ठेवून झोपतात आता. अंधार नको म्हणतात.” हातातली खुर्ची तिनं खाली ठेवली. उकाडा नाही, दमणं नाही. सगळ्या वर्गापुढे ती कित्येक दिवस एक दार हळूहळू लोटत आली होती, आणि पलीकडचा माणूस समजत होता की आपलीच नजर विझतेय. तिला बायकोला काहीतरी सांगायचं होतं. पण तिनं तोंड उघडलं आणि तेवढ्यात वरचा ओठ आपला खाली आला. तिला तो कळला. आत्ता, या क्षणी, चोर हातात सापडावा तसा. “मी उद्या सलूनमध्ये येते,” ती म्हणाली. “ह्यांचे केस वाढलेत.”

नवऱ्याचे केस काही वाढले नव्हते. “आहेत तेवढे तरी राहू देत,” तो वाटेत म्हणाला, पण मोहीम म्हटल्यावर आला. सलून म्हणजे रस्त्याकडे तोंड असलेली एक खोली, दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, साबणाचा आणि ओल्या टॉवेलांचा वास. सलूनवाले एकटेच होते, बायको स्टुलावर. तिला बघून ते संकोचले, टॉवेल झटकला, नवऱ्याला खुर्चीत बसवलं, पांढरं कापड मानेभोवती बांधलं आणि सवयीनं बायकोकडे बघितलं. बायकोनं हात पुढे केला. “थांबा,” ती म्हणाली आणि खुर्चीमागे, त्यांच्या शेजारी, आरशाकडे तोंड करून उभी राहिली. आरशात चौघं होते. तिला वाटलं, इथे तर वर्गापेक्षा चांगला उजेड आहे. तिनं आरशातल्या त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि वरचा ओठ उचलला, हातानं खिडकी उचलावी तसा, जाणूनबुजून. “तुमची नजर चांगली आहे,” ती आरशातून म्हणाली, आवाज न करता. “बिघडलं होतं ते माझं तोंड. माझे दात पिवळे आहेत. मला लाज वाटली. म्हणून मी तोंड मिटून बोलत होते.”

सलूनवाल्यांचे हात नवऱ्याच्या डोक्यावर थांबले. त्यांचे ओठ तिच्या ओठांबरोबर हलत होते, वर्गात हलायचे तसे. “दात,” ते मोठ्यानं म्हणाले. ऐकू येत नसल्यामुळे त्यांचा आवाज अख्ख्या खोलीला पुरून उरला. “दात पिवळे?” तिनं मान हलवली. ते आरशाकडे वाकले, आणखी वाकले, आणि कारागीर वस्तूकडे बघतो तसं तिच्या दातांकडे बघितलं. ती तशीच उभी राहिली, दात उघडे ठेवून, आणि मनात म्हणाली, आता म्हणतील, छे, कुठे पिवळे, उगीच काहीतरी तुमचं. सलूनवाले सरळ झाले. “आहेत खरे पिवळे!” ते म्हणाले. मग त्यांना इतका आनंद झाला की त्यांना कात्री कुठे ठेवावी कळेना. “अगं, मला दिसले! पिवळे आहेत, मला इथून, आरशातून दिसले! आणि बाई काय म्हणाल्या तेही दिसलं! सगळं दिसलं!” बायको स्टुलावर बसल्या बसल्या तोंडावर हात घेऊन रडत-हसत होती, नवरा कापडाखालून “माझ्या कानाकडे लक्ष असू द्या म्हणावं” असं ओरडत होता, आणि तिला आत कुठेतरी बुचासारखं काहीतरी सुटल्याचं जाणवलं. तिचं खरं, जुनं, मोठं हसू आलं. हात वर निघाला होता, पण तो वाटेतच कुठेतरी राहिला. त्या आरशात तिनं स्वतःला हसताना बघितलं आणि तिला तिथे एक खुशालचेंडू, भरल्या तोंडाची, लोण्याच्या रंगाच्या दातांची बाई दिसली. तिला ती बाई आवडली. दोन क्षण ती तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत राहिली.

सोडा तिनं पुढेही लावला, चिमूटभर, हलक्या हातानं, आणि चहानंतर चूळही भरत राहिली. कपाच्या कडेसारखे डाग गेले, आणि नवऱ्यानं पट्टी लावून जाहीर केलं की आपण ‘पहाटेचं दूध’ गाठलेलं नाही, पण अर्ध्या वाटेवरच्या ‘साय’वर मुक्काम करायला हरकत नाही. फोटो निघाले ते तिनं रंगीतच काढायला लावले. जीभ गुलाबी आणि दात वेगळे दिसले नाहीत तर ‘त’ दिसणार कसा, असं तिनं फोटोवाल्याला विचारलं, तर तो बिचारा म्हणाला, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, बाई. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी सलूनमध्ये नवऱ्याचे केस चालले होते आणि ती आरशातून सलूनवाल्यांना वाट्टेल ते विचारत होती, “भाऊ कुठे असतो तुमचा?”, “ह्यांना टक्कल पडणार का?”, आणि ते एकेक शब्द झेलून मोठ्या आवाजात उत्तरं देत होते, निम्मी बरोबर, निम्मी भलतीच. तेवढ्यात दार ढकलून एक गिऱ्हाईक आलं. जाडसर, घाईतलं, अनोळखी. दुसऱ्या खुर्चीत बसलं आणि आरशात स्वतःच्या कल्ल्यांकडे बघत काहीतरी म्हणालं.

सलूनवाल्यांच्या बायकोचा हात त्यांच्या दंडाकडे निघाला. सलूनवाल्यांनी न बघताच तो बाजूला केला. त्यांचे डोळे आरशात गिऱ्हाइकाच्या तोंडावर होते. ती खुर्चीमागे श्वास धरून उभी होती. तिला शब्द दिसले होते, ऐकूही आले होते, पण ती आता एक अक्षर बोलणार नव्हती. कैचीचा आवाजही थांबला. मग सलूनवाल्यांनी रस्त्याकडे मान वळवली. पलीकडे, दुकानाच्या पायरीशी, पिशवी धरून एक बाई उभी होती. “घाई कशाला? बाहेर का थांबवलंत त्यांना?” ते गिऱ्हाइकाला म्हणाले. “आत बोलवा की! उन्हात उभ्या आहेत!” गिऱ्हाईक जरा दचकलं, त्या आवाजानं, आणि मग हसलं आणि दार उघडून आपल्या बायकोला हाक मारली. ती आत आली, बसायला जागा शोधायला लागली.

सलूनवाल्यांची बायको स्टुलावरून उठली. “बसा इथे,” ती त्या बाईला म्हणाली. मग क्षणभर खोलीच्या मधोमध तशीच उभी राहिली, रिकाम्या हातांचं काय करावं हे न कळल्यासारखी. पदराच्या टोकाला हात पुसले, खुंटीवरची पर्स घेतली. दाराशी जाऊन वळली आणि आरशाकडे बघून, नुसत्या ओठांनी, दात स्पष्ट दाखवत म्हणाली, “मी जरा हिंडून येते.”

“लवकर ये,” सलूनवाले म्हणाले.

“नाही येणार लवकर,” ती म्हणाली, आणि तेही त्यांना दिसलं.